नाताळची रंगीत फळी : पालकांस एक विनंती

नाताळचा सण महिन्याभरावर येऊन ठेपला म्हणजे आमच्या शाळेंतील मुलांच्या बोटांवर रंगाचे डाग दिसूं लागतात. कोणी बांबूच्या कामट्यांचा तारा बांधीत असतो, कोणी गव्हाणीकरितां गवत गोळा करीत असतो, आणि वरच्या वर्गांतील कांहीं मुलें व मुली घरीं भिंतीवर टांगावयाची लांकडी फळी रंगवीत असतात. ही फळी म्हणजे फार मोठी वस्तु नव्हे. एक वीत रुंद व दीड वीत लांब असें लांकूड, त्यावर एखादा तारा, एखादें घर, खालीं 'शांति' किंवा 'आनंद' असा एक शब्द, आणि वर ओवलेली सुतळी. सण आला कीं ती दारासमोरच्या भिंतीवर चढते व नव्या वर्षाचा पहिला आठवडा सरला कीं कागदांत गुंडाळून ट्रंकेंत जाते. परंतु ज्या घरांत अशी एक फळी मुलाच्या हातची झाली आहे, त्या घरांत ती दरवर्षीं पुन्हां निघते, असा आमचा अनुभव आहे.

याच फळीविषयीं आज चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें. आमचें म्हणणें थोडक्यांत सांगतां येईल. प्रत्येक मुलानें व मुलीनें निदान एकदां तरी अशी फळी स्वतः घरीं करावी, हें पहिलें. आणि ती होत असतां वडील माणसांनीं जवळ बसावें, हत्यार कसें धरावें तें दाखवावें, विचारलें तर सांगावें; पण तिच्यावरील चित्रास आपला हात लावूं नये, हें दुसरें. पहिली गोष्ट बहुतेकांस पटते. दुसरी पटावयास आम्हां स्वतःसच पुष्कळ वर्षें लागलीं, आणि तीहि एका मुलास दुखवून पटली. ती हकीकत पुढें येईलच.

सणाची सजावट ही बाजारांत जन्मास येते, असा आपला समज असतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. जर्मनींतील आजच्या सॅक्सनी राज्यांत नीस्की नांवाचें गांव आहे. तेथें मोरेव्हियन मंडळीची मुलांची वसतिशाळा होती. तिच्यांतील पुष्कळ मुलांचे आईबाप दूरदेशीं मिशनकार्यावर असत. १८३० च्या दशकांत या शाळेंत भूमितीचा अभ्यास म्हणून मुलांकडून कागदाचा बहुकोनी तारा करवून घेण्यांत आला. आज जगभर 'मोरेव्हियन तारा' म्हणून जो ओळखला जातो, त्याचें मूळ तेथें आहे. त्याच्या सध्यां प्रचलित असलेल्या आकाराच्या पोटांत १८ चौरस व ८ त्रिकोण मिळून २६ बाजूंचा एक घन असतो. त्यांपैकीं एक बाजू टांगण्याकरितां सोडून उरलेल्या २५ बाजूंवर एकेक टोंक बसवितात. ज्या मुलांस भूमिति रुक्ष वाटते त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें, कीं घरापासून दूर राहिलेल्या मुलांनीं वर्गांत केलेला एक अभ्यास सणाचें भूषण होऊन बसला.

दुसरें उदाहरण हँबुर्ग शहरांतलें. योहान हिन्रिख विखर्न या धर्मसेवकानें तेथें १८३३ सालीं निराधार मुलांकरितां 'राउहेस हाउस' नांवाचा आश्रम काढिला. नाताळ केव्हां येणार, असें मुलें त्यास एकसारखें विचारीत. तेव्हां १८३९ सालीं त्यानें गाडीचें एक जुनें लांकडी चाक घेतलें, त्यावर आठवड्यांतील दिवसांकरितां लहान तांबड्या मेणबत्त्या व रविवारांकरितां चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या, आणि रोज एक अधिक लावण्याचा प्रघात पाडला. आगमनकाळांत आज ठिकठिकाणच्या देवळांत चार मेणबत्त्यांचें जें कडें दिसतें, त्याचें मूळ तें चाक होय. या दोन्ही गोष्टींत सोनें नव्हतें, रेशीम नव्हतें, दुकानहि नव्हतें. हाताशीं होतें तें साहित्य होतें, आणि भोंवतीं मुलें होतीं.

हें सारें परक्या देशांतलें झालें, असें कोणी म्हणेल. मग आपल्या कोंकणांतलेंच पाहूं. सावंतवाडीस चितारआळी नांवाची आळी आहे. लांकडाचीं रंगीत फळें व खेळणीं यांकरितां तें गांव प्रसिद्ध आहे, आणि गंजिफेचे गोल रंगीत पत्ते ही तेथील जुनी कला. पत्त्यावर चित्र काढण्यापूर्वीं चिंचोक्याची खळ व खडूची पूड यांचे लेप देऊन तो गुळगुळीत करितात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही गंजिफेची कला मरणाच्या पंथास लागली होती. तेव्हां तेथील राजे शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली व राजवाड्यांतच तिचें काम सुरू केलें. राणीनें कुंचला हातीं धरिला, तेव्हां तिच्या मानास उणेपणा आला नाहीं. उलट एका मरूं घातलेल्या कलेस आयुष्य मिळालें.

आतां फळी कशी करावी तें सांगतों. लांकूड विकत आणण्याचें कारण नाहीं. जुन्या खोक्याची, मोडक्या पाटाची किंवा फडताळाच्या कप्प्याची फळी चालते. आंब्याचें लांकूड स्वस्त, कापावयास सोपें व रंग धरणारें असतें. सागाचें टिकाऊ खरें, पण त्यास अंगचें तेल असल्यामुळें त्यावर रंग तितकासा धरत नाहीं. फळी पुरी वाळलेली असावी. ओली फळी पुढें आकसते आणि रंगास तडे जातात. सुमारें ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद व सव्वा सेंटिमीटर जाड एवढें माप पुरे. गुण्या लावून चारहि कोन काटकोन आहेत कीं नाहींत तें पाहावें, व टांगण्याचीं दोन भोंकें गिरमिटानें आधींच पाडून घ्यावीं. रंगविल्यावर भोंक पाडूं गेल्यास कडेचे टवके उडतात. करवत व गिरमिट चालवितांना लहान मुलाजवळ वडील माणसानें अवश्य उभें राहावें.

येथें एक सावधगिरीची सूचना. फळीवर पूर्वींचा जुना तेलरंग असेल, तर ती मुलांच्या हातीं घांसावयास देऊं नये, दुसरी शोधावी. पूर्वींच्या पुष्कळ रंगांत शिसें असे, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करिते. आपल्या देशांत घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम २०१६ सालीं झाला व तो नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. तेव्हां माळ्यावर वर्षानुवर्षें पडून असलेला डबा काटकसर म्हणून उघडूं नये. ती काटकसर नव्हे.

फळी मिळाली कीं कांचकागदानें घांसावी. यासच बाजारांत पॉलिश पेपर म्हणतात. पहिला ८० क्रमांकाचा जाड, मग १५० चा, शेवटीं २२० चा बारीक. घांसणें नेहमीं लांकडाच्या रेषांच्या दिशेनें असावें. आडवें घांसल्यास जे ओरखडे उठतात ते रंगाखालूनहि दिसतात. नंतर ओल्या फडक्यानें फळी हलकेच पुसावी. ओल लागतांच लांकडाचे बारीक तंतू उभे राहतात व गुळगुळीत वाटलेली फळी पुन्हां खरखरीत लागते. ती वाळूं द्यावी आणि पुन्हां एकदां बारीक कागद फिरवावा. मुलांस येथेंच पहिला कंटाळा येतो. एवढें घांसलें तरी चित्राचा पत्ता नाहीं, असें तीं म्हणूं लागतात. त्यांस तसें म्हणूं द्यावें, पण घांसणें थांबवूं देऊं नये.

यानंतर अस्तर. तयार प्रायमर मिळतो, तो वापरला तरी हरकत नाहीं. परंतु घरीं वेळ असेल तर चिताऱ्यांची रीत करून पाहावी. मूठभर चिंचोके भाजून, फोलें काढून रात्रभर भिजत घालावे, दुसऱ्या दिवशीं वाटून पाण्यांत शिजवावे व ती खळ गाळून घ्यावी. तींत खडूची बारीक पूड मिसळून दाट ताकासारखें झालें म्हणजे कुंचल्यानें पातळ हात द्यावा. एकच जाड हात दिला तर तो वाळतांना तडकतो. तीन पातळ हात द्यावे, व प्रत्येक हात वाळल्यावर बारीक कांचकागद फिरवावा. ही खळ लवकर आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

मग चित्र. तें अगोदर कागदावर काढावें व ठीक वाटलें म्हणजे फळीवर उतरावें. शब्द लिहावयाचा असेल तर प्रथम पट्टीनें शिरोरेषा आंखावी आणि अक्षरांच्या जागा मोजून खुणा कराव्या. डावीकडून तसेंच लिहीत सुटल्यास शेवटचें अक्षर कडेला दाटीवाटीनें उभें राहतें. असे 'आनंद' आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत, ज्यांतील 'द' बिचारा फळीबाहेर पडावयाच्या बेतांत असतो. चित्राचा विषय मुलानें स्वतः निवडावा. मोबाइलवर दिसणारीं बर्फाचीं छपरें आणि सूचिपर्णी झाडें उतरून घेण्यापेक्षां आपल्या गांवचें कौलारू घर, गोठा, बाभळ, विहीर हीं काढावीं. गव्हाण म्हणजे काय हें आपल्या खेड्यांतील मुलास जितकें ठाऊक आहे, तितकें बर्फाच्या देशांतील शहरी मुलास क्वचितच असेल.

रंग दोन प्रकारचे चालतात. पोस्टर रंग स्वस्त असतो, पण वाळल्यावरहि पाण्यानें पुन्हां विरघळतो. म्हणून त्यावर पाण्यांतलें रोगण देऊं नये, नाहींतर तारा व आकाश एक होतात. त्यावर चपडी लाख स्पिरिटांत विरघळवून केलेलें पॉलिश द्यावें, व तें देतांना जवळपास दिवा अथवा शेगडी नसावी. ॲक्रिलिक रंग थोडा महाग, परंतु एकदां वाळला कीं पाण्यानें सुटत नाहीं. आधीं मागचें आकाश व जमीन, तें वाळल्यावर घर व झाडें, आणि सर्वांच्या शेवटीं तारा व अक्षरें, असा क्रम ठेवावा. घाई हाच येथें मोठा शत्रु. ओल्या रंगावर दुसरा रंग गेला कीं दोन्ही मळतात.

आतां एक गोष्ट बहुतेक मुलें विसरतात, व ती विसरावी असें त्यांचे आईबापहि त्यांस सुचवितात. फळीच्या मागच्या बाजूसहि अस्तर व पॉलिश द्यावें लागतें. "मागें कोण पाहतो?" असा प्रश्न येतो. कोणी पाहात नाहीं, हें खरें. परंतु हवेंतील ओल पाहते. पुढची बाजू रंगानें बंद झाली व मागची उघडी राहिली, म्हणजे पावसाळ्यांत मागचें लांकूड ओल पिऊन फुगतें, पुढचें फुगत नाहीं, आणि फळी वांकते. ज्या बाजूकडे कोणाचेंच लक्ष नाहीं तिच्या हयगयीनें, जिच्याकडे सर्वांचें लक्ष आहे ती बाजू बिघडते. यावर प्रवचन करण्याची आवश्यकता नाहीं. एक पावसाळा गेला कीं फळी आपण होऊन तें मुलास सांगते. मागच्या बाजूस मुलानें आपलें नांव, इयत्ता व सन घालावा.

सारें मिळून पांचसहा दिवस लागतात, आणि त्यांत प्रत्यक्ष चित्राचा दिवस एकच. उरलेले सर्व दिवस घांसण्याचे, वाट पाहण्याचे आणि पुन्हां घांसण्याचे. आमच्या मतें या कामाचें खरें मोल त्या दिवसांत आहे.

आतां ती हकीकत. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं शाळेंत नाताळच्या सुट्टीअगोदर अशा फळ्यांचें प्रदर्शन भरविलें होतें. पालक व गांवांतील प्रतिष्ठित मंडळी येणार होती. सातवींतील एका मुलानें आणलेली फळी आदल्या दिवशीं आमच्या हातीं आली. घांसणें उत्तम, अस्तर उत्तम, मागची बाजूहि विसरलेला नव्हता. परंतु तारा एका अंगास कलला होता, अक्षरें लहानमोठीं होतीं, आणि गव्हाणीजवळ बैलाच्या ऐवजीं त्यानें भली मोठी काळी म्हैस काढिली होती. काम एवढें चांगलें असतां थोडक्यासाठीं तें फुकट जाऊं नये, असें आम्हांस वाटलें. संध्याकाळीं शाळा सुटल्यावर आम्हीं कुंचला घेतला. तारा सरळ केला, अक्षरें सारखीं केलीं, आणि म्हशीचा तांबूस बैल केला. हेतु चांगला होता, हें आज सांगून उपयोग नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्या फळीपुढें पुष्कळ मंडळी थांबलीं. एकदोघांनीं मुलाच्या वयाच्या मानानें काम अप्रतिम आहे, असा शेरा दिला. दुपारीं त्याची आई आली. बरोबर दोन लहान मुली होत्या. "तुझी फळी कोणती रे?" तिनें विचारलें. मुलगा त्या फळीसमोरच उभा होता. तो क्षणभर तिच्याकडे पाहात राहिला, आणि म्हणाला, "माझी लावली नाहीं, आई."

आम्ही तीन पावलांवर उभे होतों. आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

प्रदर्शन संपल्यावर सर्व मुलांनीं आपापल्या फळ्या नेल्या. ही तशीच राहिली. सुट्टीनंतर आम्हीं त्यास बोलावून आमची चूक झाली असें सांगितलें. त्यानें मान खालीं घातली व थोड्या वेळानें म्हणाला, "सर, म्हैस राहूं द्यायची होती." पुढें चौकशीअंतीं कळलें, कीं त्यांच्या घरीं एक म्हैस होती, तिच्या दुधावर घर चालत असे, आणि ख्रिस्त आपल्या गोठ्यांत जन्मला असता तर त्यास ऊब देणारें जनावर तेंच असतें, असें त्या मुलाच्या मनानें घेतलें होतें. जें चित्रांतलें सर्वांत खरें होतें, तेंच आम्हीं चूक म्हणून पुसलें होतें. ती फळी अजून आमच्या कपाटांत आहे. तिच्यावर त्या मुलाचें असें एकच उरलें आहे. मागच्या बाजूस त्यानें आपल्या हातानें घातलेलें नांव व सन.

पुढल्या वर्षीं त्यानें दुसरी फळी केली. तारा पुन्हां कललेला होता, म्हैस पुन्हां होती, आणि पाहुण्यांपैकीं फारसें कोणी तिच्यापुढें थांबलें नाहीं. त्याची आई मात्र बराच वेळ थांबली.

वास्तविक ही गोष्ट आम्हांस ठाऊक असावयास पाहिजे होती. शिक्षकीचें शिक्षण घेतांना आम्हीं स्लॉइड पद्धतीविषयीं वाचलें होतें. फिनलंडांत ऊनो सिग्नेउस या धर्मोपदेशक शिक्षणतज्ज्ञाच्या प्रयत्नानें १८६६ सालीं हस्तकला हा प्राथमिक शाळांतील आवश्यक विषय झाला. पुढें स्वीडनमधील नेस येथें ओट्टो सालोमोन यानें लांकूडकामाच्या शिक्षणाची शिस्तबद्ध पद्धति बसविली, व ती शिकण्यास देशोदेशींचे शिक्षक तेथें जात. वस्तु उपयोगाची असावी, ती मुलानें आरंभापासून अखेरपर्यंत स्वतः पुरी करावी, आणि शिक्षकानें दाखवावें, देखरेख करावी, परंतु मुलाच्या कामास आपला हात लावूं नये, असें त्याचें सांगणें होतें. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत हें आम्हीं बिनचूक लिहिलें असेल. पण वाचलेलें आणि शिकलेलें यांत किती अंतर असतें, तें त्या मुलानें आम्हांस दाखविलें.

पालकांच्या हरकती आम्ही नेहमीं ऐकतों, आणि त्यांतील एक हरकत आम्ही अत्यंत आदरानें ऐकतों. "आमच्या बापजाद्यांनीं लोकांचीं लांकडें फोडलीं, म्हणून तर आम्हीं मुलाच्या हातीं पुस्तक दिलें. तुम्ही पुन्हां त्याच्या हातीं करवत कां देतां?" हें म्हणणें रागाचें नाहीं, दुःखाचें आहे. आपल्या गांवगाड्यांत काम जन्माबरोबर कपाळीं येत असे, आणि तें करणाऱ्यास मान तर नव्हताच, पुरती मजुरीहि नव्हती. आमच्या मंडळींतील कित्येक कुटुंबांस याची आठवण दोन पिढ्यांपलीकडची नाहीं. त्यांस आमचें उत्तर इतकेंच, कीं दुसऱ्यानें लादलेलें काम आणि स्वतःच्या मर्जीनें हातीं घेतलेलें काम यांत दास्य व स्वातंत्र्य यांइतकें अंतर आहे. त्या जुन्या रीतींत लांकूड फोडणाऱ्याचें नांव त्या लांकडावर कधीं लागलें नाहीं. येथें फळीच्या मागें मुलगा आपलें नांव घालतो. आणि हें काम एका जातीच्या वा एका थराच्या मुलाकरितां नाहीं. वकिलाचा मुलगा, सुताराची मुलगी, डॉक्टरांचा मुलगा व मोलकरणीची मुलगी एकाच बाकावर बसून एकच कांचकागद वांटून घेतात, हें पाहणें आम्हांस त्या फळ्यांहूनहि सुंदर वाटतें. ज्याचा जन्मदिवस आपण साजरा करितों, तो स्वतः सुताराच्या घरांत वाढला. त्याच्या सणाची फळी रंगवितांना लांकडाचा भुसा अंगाला लागला, तर त्यांत कमीपणा कसला?

दुसरी हरकत अभ्यासाची. दहावीचें वर्ष, शिकवण्या, स्पर्धापरीक्षा. फळीला वेळ कोठून आणावा? दहावीच्या मुलास आम्ही आग्रह करीत नाहीं. परंतु पांचवी ते आठवीच्या मुलांस सहा दिवसांत रोज एक तास मिळत नाहीं, हें खरें नाहीं. हाताचें काम म्हणजे अभ्यासाचा शत्रु, ही कल्पनाच जुनी झाली. वर्धा येथें १९३७ सालीं भरलेल्या शिक्षणपरिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योग हा शिक्षणाचा मध्यबिंदु असावा, असा विचार मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणांतहि सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावें, असें सुचविलेलें आहे. माप, काटकोन, प्रमाण, ओलीचा लांकडावर होणारा परिणाम हें सर्व त्या एका फळींत आहे. पुस्तकांतला काटकोन चुकला तर एक गुण जातो. फळीचा चुकला तर ती भिंतीवर तिरपी दिसते, आणि तें मुलास कोणी सांगावें लागत नाहीं.

तिसरी हरकत उघड बोलली जात नाहीं. ती कृतीनें दिसते. बाजारांत याहून सुबक फळी थोड्या पैशांत मिळते, मग हा खटाटोप कशास, असें मनांत येतें. अथवा मुलाची फळी चारचौघांत बरी दिसावी म्हणून आदल्या रात्रीं आई किंवा वडील कुंचला हातीं घेतात. विकत आणण्यास आमची मनाई नाहीं. कारागिरानें केलेली वस्तु घ्यावी व त्यास योग्य मोल द्यावें. त्याचेंहि घर त्यावर चालतें. परंतु विकत घेतलेली फळी मुलानें केलेल्या फळीच्या जागीं टांगूं नये. आणि रात्रीं कुंचला घेणाऱ्या आईबापांस आम्ही दोष देत नाहीं. आम्हींहि तेंच केलें आहे. त्यांस एवढेंच सांगतों, कीं वांकडा तारा सरळ करतां येतो, पण 'माझी लावली नाहीं' हें एकदां मुलाच्या तोंडून निघालें म्हणजे तें परत घेतां येत नाहीं.

म्हणून आमच्या प्रदर्शनांत आतां एक नियम आहे. फळीच्या चित्रास मुलाखेरीज कोणाचाहि हात लागलेला नसावा. करवत व गिरमिट चालविण्यास कोणीं मदत केली असेल, तर तें मागें लिहावें. पहिला, दुसरा असा क्रम लावीत नाहीं. परीक्षकहि नेमीत नाहीं. ज्यांची फळी वांकली आहे त्यांनाहि ती आणावयास सांगतों, म्हणजे मागची बाजू उघडी ठेवल्यानें काय होतें तें इतरांस पाहतां येतें.

विद्यार्थ्यांनो, यंदां माळ्यावर किंवा पलंगाखालीं एखादी जुनी फळी सांपडते कां पाहा. तुमच्या घरीं म्हैस असेल तर म्हैस काढा, शेळी असेल तर शेळी, आणि कांहींच नसेल तर अंगणांतलें मांजर काढलें तरी चालेल. पालकहो, तुम्ही जवळ बसा. भोंक पाडतांना फळी घट्ट धरा, स्पिरिटाची बाटली दिव्यापासून दूर ठेवा, चिंचोके वाटावयास मदत करा. तारा कलला, तर कलूं द्या. पुढें मुलें मोठीं होतील, नोकरीकरितां परगांवीं जातील, आणि एखाद्या डिसेंबरांत तुम्ही दोघेंच ट्रंक उघडाल. त्या वेळीं ती फळी उलटून पाहाल, तेव्हां मागें लिहिलेलें नांव व पुढें काढिलेलें चित्र एकाच हाताचें असूं द्या.